सरळ गेलेलं विमान

क्रॉफर्ड्स हेड
१२ ऑक्टोबर

नेव्ह,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच, मग काय फाडायचं ते फाड.

दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगते. मी विमानात बसायला लागले आहे. हो, त्याच विमानात. आपल्या किनाऱ्यावर शार्कची गस्त घालणारं ते लहान विमान, आणि त्यातली वॉलीच्या शेजारची खुर्ची. यंदाच्या उन्हाळ्यात, म्हणजे थेट फेब्रुवारीपर्यंत, दर शनिवार-रविवार आणि शाळांना सुट्टी लागली की रोज. वॉलीनं चालवायचं, मी खाली बघायचं. काही दिसलं की घिरटी घालायची आणि भोंगा वाजवायचा, म्हणजे पाण्यातले लोक बाहेर येतात. काम एवढंच.

आता तू भुवया चढवून त्या कॅराव्हॅनच्या दारात उभा असशील. चढव. तिकडे न्यंगनला चढलेल्या भुवया मला इथून दिसत नाहीत आणि फोन तर तू उचलतच नाहीस.

का बसले, ते सांगते. ग्लेनला शार्कनं नेल्यानंतर तू स्वतःबद्दल धड एकच वाक्य बोललास, तेही मला नाही, चौकशीला आलेल्या साहेबांना. ‘मी त्याच्यापासून दोन सर्फबोर्डांच्या अंतरावर होतो आणि मला काहीच दिसलं नाही.’ बास. त्यानंतर गाडीत तुझे कपडे भरलेस आणि समुद्राकडे पाठ करून रस्ता नेईल तितका आत गेलास. गव्हाच्या गावात. तिथे पाणी म्हणून काय आहे, तर एक गढूळ नदी.

मी तुला अडवलं नाही. तुझा भाऊ होता तो. पण नेव्ह, लग्नानंतरची कितीतरी वर्षं तो आपल्याच घरी जेवला, माझ्या हातचं तुझ्यापेक्षा त्यानंच जास्त खाल्लं. तुला वाटतं, दुःख सगळं तूच गाडीत भरून नेलंस. थोडं इथं राहिलंय.

तर म्हटलं, खालून दिसत नाही ना, मग वरून बघू. पहिल्या दिवशी वॉलीनं कागदी पिशवी पुढे केली आणि ती मला लागलीही. दुसऱ्या दिवशी लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा नीट खाली पाहिलं, आणि खरं सांगू? इतका सुंदर आहे रे आपला समुद्र. खडकाजवळ हिरवा, वाळूवर पिवळट, आणि मधून पाकट माशांची रांग चाललेली, काळ्या रुमालांसारखी. आपल्या घराचं छप्परही दिसतं. तू अर्धवट सोडलेली शेडही दिसते. वरून तर ती फारच अर्धवट दिसते.

रेलीन


९ नोव्हेंबर

नेव्ह,

कार्ड मिळालं. ‘त्या माणसाच्या शेजारी बसतेस? लाज वाटत नाही?’ दोन वाक्यं आणि दोन्ही प्रश्न. पाठीमागे नेहमीचा तो धान्याच्या उंच कोठाराचा, सायलोचा फोटो. न्यंगनच्या पोस्टात दुसरं कार्डच मिळत नाही का रे?

नाही वाटत लाज. बसायला जागा एकच आहे आणि विमान चालवणाराही एकच. तुला वॉलीचा राग आहे, ठाऊक आहे मला. त्या दिवशी तो तुमच्या डोक्यावरून गेला, त्यानं नेहमीसारखे पंख हलवले, तुम्ही नेहमीसारखे हात केलेत, आणि विमान घिरटी न घालता पुढे गेलं. मग ग्लेन म्हणाला, ‘सरळ गेलं रे, अजून एक लाट घेऊ.’ तू हे मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलंस, किटली हातात धरून. एकदाच. मी विसरलेली नाही.

पण तू वॉलीला तेव्हापासून पाहिलेलं नाहीस. तो उडताना गुणगुणतो, आठवतं? बेसूर. किनाराभर गुणगुणत असतो, आणि तुमच्या लाटांची जागा, तो पॉइंटचा खडक, आला की गप्प होतो. पंखसुद्धा तिथं हलवत नाही. तो भाग मागे पडला की मग एकदम हवामानाबद्दल बोलायला लागतो. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानं मला कधी सांगितलं नाही. आम्ही दोघं मिळून तिथं बघतो, एवढंच.

गावाची गंमत ऐक. ग्लेनचा तो शब्द होता ना, ‘सरळ’, तो तर आता सगळ्यांच्या तोंडी बसलाय. पाण्यात शिरणारा बाहेर येणाऱ्याला विचारतो, ‘सरळ?’ तो म्हणतो, ‘सरळ.’ म्हणजे विमान घिरटी न घालता गेलं, रान मोकळं आहे. जीवरक्षकांच्या क्लबमध्ये मला पाहिलं की सॉसेज भाजणारा माणूस हातातला चिमटा उंचावून ओरडतो, ‘काय रेलीनबाई, आज सरळ ना?’ मीही ओरडते, ‘सरळ!’ आणि तो मला कांदा जास्त घालून देतो. मोठी झालेय मी गावात. तू इथं असतास तर माझ्या मोठेपणाला टाचणी लावली असतीस.

फक्त ऑड्रीबाई विचारत नाहीत. त्या अजून रोज पहाटे पोहतात, ती पिवळी टोपी घालून. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली असतील, पण अजून माझ्याकडे अशा बघतात की जणू गृहपाठ राहिलाय. मी म्हटलं, ‘ऑड्रीबाई, सरळ आहे हं आज.’ तर म्हणाल्या, ‘बरं हो, तुझं विमान सरळ आहे. शार्कला कळवलंस का?’

रात्रीचं जेवण काय करतोस? डब्यातले घेवडे थंडच खातोस, मला माहीत आहे. गरम करत जा.

रेलीन


२७ डिसेंबर

नेव्ह,

तुझं कार्ड नाताळच्या आदल्या दिवशी आलं. मी ते व्हरांड्यात वाचलं, मग आत जाऊन वाचलं, मग कोळंबी सोलता सोलता ओल्या हातानं वाचलं, त्यामुळे आता शाई पसरलीय. पण मला पाठ आहे.

‘रेली, सायलोवाले कायमची नोकरी देतायत, घरासकट. फेब्रुवारी संपायच्या आत सांगायचंय. एक खरं सांग. वरून दिसतं का? दिसत असेल तर मी घरी येतो.’

रेली म्हणालास. जवळजवळ दोन वर्षांनी. मी त्या एका शब्दासाठी कोळंबी तशीच टाकून उठले आणि तुझी बहीण लिनेट जेवायला आली होती, तिनं विचारलं, ‘अगं, काय झालं, बोटाला लागलं का?’ मी हो म्हटलं.

कळतंय मला तू काय विचारतोयस. तुला पाण्यात उतरायचंय. तुला खिडकी उघडून झोपायचंय आणि लाटांचा आवाज आला की उठून बसायचं नाहीय. कुणीतरी वरून नीट बघतंय, एवढी खात्री तुला पाहिजे. बरोबर ना?

तर ऐक. या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली आधी सांगते, म्हणजे तुला हसता येईल. लहान मुलांची जीवरक्षक-शर्यत होती, रंगीत टोप्या घालून शंभरेक पोरं पाण्यात. मला मधोमध काळं, लांबट काहीतरी दिसलं. मी ओरडले, वॉलीनं घिरटी घातली, भोंगा वाजला, आया किंचाळत पाण्यात धावल्या, पोरं बाहेर काढली. जीवरक्षक होडी घेऊन गेले. समुद्री गवताचा पुंजका निघाला. त्यांनी तो काठीला बांधून आणला आणि क्लबच्या दारावर टांगला. खाली पाटी: ‘रेलीनचा शार्क’. मी आठवडाभर मागच्या दारानं ये-जा केली.

दुसरी गोष्ट त्याच्या पुढच्या रविवारी. नदीच्या मुखाशी मासे उसळत होते आणि त्यांच्या खाली तो होता. गवत नव्हे. मोठा, करडा, शेपूट अगदी सावकाश हलवत, घाई कसलीच नाही. त्याच्यापासून जेमतेम एका मैदानाच्या अंतरावर पोरं बोर्डवर बसली होती. मी वॉलीची बाही ओढली. घिरटी, भोंगा, आणि सगळी पोरं हात मारत बाहेर. आम्ही परत खाली उतरलो तेव्हा वॉलीनं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. मग म्हणाला, ‘बघितलंस ना गं? दिसतं की.’ आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले.

म्हणजे मी तुला आत्ताच ‘हो’ लिहू शकले असते. पण मला ओळखतोस ना. मला नुसतं ‘हो’ नकोय, शिक्का मारलेलं ‘हो’ पाहिजे. जानेवारीत विद्यापीठाची माणसं येतायत, आमच्यासारख्यांची परीक्षा घ्यायला. प्लायवूडचे शार्क कापून, करडा रंग देऊन, पाण्याखाली नांगरून ठेवणार. कुठे आणि कोणत्या दिवशी ते आम्हाला सांगणार नाहीत. आम्ही नेहमीसारखी गस्त घालायची आणि दिसेल ते कळवायचं. त्यांचा निकाल हातात आला की तुला पाठवते. कागदावर छापलेला. तो बघ आणि गाडी काढ.

लिनेटनं तुझ्यासाठी पुडिंगचा तुकडा ठेवलाय. फ्रीझरमध्ये आहे. मी त्याला हात लावत नाहीय, आणि हे माझ्यासाठी किती अवघड आहे ते तुला सांगायला नको.

तुझी रेली


१९ जानेवारी

नेव्ह,

परीक्षा चालू आहे. मुख्य बाई इंग्रिड म्हणून आहेत, उंच, नाकावर उन्हाचं पांढरं मलम फासलेलं, आणि कितीही खोदून विचारलं तरी पत्ता लागू देत नाहीत. मी म्हटलं, ‘आज ठेवलेत का हो?’ तर म्हणाल्या, ‘आज ऊन छान आहे.’

परवा एक सापडला! बंधाऱ्यापलीकडे, उथळात. मी इतक्या जोरात ओरडले की वॉलीच्या हातचं सँडविच पडलं आणि त्यातलं काळं व्हेजिमाइट माझ्या पांढऱ्या पँटला. पण काय आनंद झाला म्हणून सांगू. वरून कळवलं, ‘दिसला!’ खालून इंग्रिडबाईंचा सपाट आवाज आला, ‘नोंद केली.’

तेव्हापासून मी घराच्या मागे लागलेय. तुझी बाजू आहे ना पलंगाची, तिथं मी पुस्तकं आणि धुतलेले कपडे रचून ठेवले होते, ते सगळं काढलं. इतक्या दिवसांनी तिथली चादर ताणून बसवली आणि मग तिच्यावर बसून राहिले. तू गेल्यापासून मी माझ्या कडेलाच झोपते, मध्ये सरकत नाही. आपलंच घर आणि मी त्यात पाहुणीसारखी अंग चोरून. तुला सांगायचं नव्हतं हे. पण आता सांगायला हरकत नाही, कारण तू येतोयस.

तुझा बोर्ड मी भिंतीवरून उतरवलेला नाही. तो तू उतरव. मी फक्त त्याच्यावरची कोळ्याची जाळी काढली.

गावात सगळ्यांना वाटतं मी पहिल्या नंबरानं पास होणार. सॉसेजवाल्यानं तर पैज लावलीय. रोज संध्याकाळी डोळे इतके दुखतात की चहाच्या ओल्या पिशव्या ठेवून पडते. मनात मात्र एकच चाललेलं असतं, की तू पॉइंटचं वळण घेतलंस, दारात गाडीचा आवाज आला, कुत्रा भुंकला. आपल्याकडे कुत्रा नाही. मनातल्या मनात मी तोही आणला.

थोडे दिवस थांब. नोकरीच्या कागदावर सही करू नकोस.

तुझी रेली


२ फेब्रुवारी

नेव्ह,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन लहान होती. दोन्हीत एकच शब्द होता आणि तो शब्द तुला आवडला असता.

निकाल लागला.

इंग्रिडबाईंनी आम्हाला क्लबच्या माडीवर बोलावलं. टेबलावर किनाऱ्याचा मोठा नकाशा, त्यावर लाल ठिपके. म्हणाल्या, ‘हे आम्ही ठेवलेले.’ मग त्यातल्या काही ठिपक्यांभोवती हिरवी वर्तुळं काढली. ‘आणि हे तुम्हाला दिसलेले.’ मी हिरव्याची वाट बघत राहिले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दहातले दोनही नाहीत, नेव्ह. हेलिकॉप्टरमधून बघणाऱ्यांचं थोडं बरं, पण तेही मिरवण्यासारखं नाही.

मी भडकले. तुला माहीत आहे मी भडकले की कशी दिसते. म्हटलं, ‘लाकूड हलत नाही! शार्क हलतो, मला हलणारं दिसतं. तुमच्या फळ्या मेल्यासारख्या पडलेल्या, त्या काय दिसणार?’

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुमचं. खरा शार्क हलतो. पण तो खोलही जातो, आणि ढग येतात, वारा सुटतो, पाणी गढुळतं, चकाकतं. आम्ही स्वच्छ दिवस निवडले होते. सगळे शार्क उथळात ठेवले होते. रेलीन, आम्ही तुम्हाला सोपा पेपर दिला होता.’

मी वॉलीकडे पाहिलं. तो नकाशावर एकाच जागी बघत होता. पॉइंटचा खडक. तिथं चार लाल ठिपके होते, अगदी जिथं तुम्ही दोघं बसायचात त्याच पट्ट्यात. एकाभोवतीही हिरवं नव्हतं. वॉलीनं विचारलं, ‘हे कोणत्या दिवशी?’ बाईंनी तारीख सांगितली. आम्हाला दोघांनाही आठवत होती. त्या दिवशी तिथं आम्ही दोघांनी गप्प बसून, डोळे फाडून पाहिलं होतं. आणि सरळ गेलो होतो. खाली मुलं होती, त्यांनी हात केले होते.

जिन्यावरून उतरताना मी वॉलीला तुझं कार्ड दाखवलं. दाखवायला नको होतं बहुतेक, पण माझ्याजवळ दुसरं कोण होतं? त्यानं चष्मा लावून वाचलं. म्हणाला, ‘हो म्हण.’

‘काय?’

‘हो म्हण, रेलीन. दिसतं म्हण. नदीच्या मुखाशी दिसला होता, ते काय खोटं आहे? घरी येऊ दे त्याला. मग काय ते बघता येईल.’

‘आणि तो पाण्यात उतरला तर? तू वरून सरळ गेलास आणि तो म्हणाला, अजून एक लाट?’

वॉलीनं चष्मा खिशात घातला. कठड्याला धरून तो पायरीवर बसला. मग म्हणाला, ‘मी त्या दिवशी बघत होतो गं. लोकांना वाटतं मी पंख हलवण्याच्या नादात होतो. मी बघत होतो.’ मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतके दिवस तो हेच गिळत होता, आणि कुणी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन मी ‘हो’ लिहिलं. पाकिटात घातलं. तिकीट लावलं. तू येणार, चार दिवसांत येणार, दार वाजणार, तुझा तो शर्टाचा वास. नेव्ह, मला तू इतका हवा आहेस की मी ते पाकीट घेऊन पोस्टापर्यंत गेले. पेटीच्या तोंडाशी धरून उभी होते. मागे रांग लागली, पोस्टातली बाई म्हणाली, ‘टाकताय का परत नेताय?’ मी परत नेलं.

उत्तर असं आहे. नाही. वरून दिसत नाही.

कधी कधी दिसतं, आणि दिसलं की आम्ही घिरटी घालतो, आणि ती घिरटी खरी असते. गवत असलं तरी बाहेर यावं. पण विमान सरळ गेलं तर त्याचा अर्थ आम्हाला दिसलं नाही, इतकाच. शार्क नाही, असा नव्हे. हा अर्थ आपल्या गावानं काढला. ग्लेननं काढला, मी सॉसेजच्या कांद्यासाठी रोज ओरडून पक्का केला.

आणि एक. तुला ग्लेनच्या शेजारी बसून दिसलं नाही. वॉलीला वरून दिसलं नाही. मला तिथंच, स्वच्छ उन्हात, शोधायचं म्हणून बसलेलीला, चार ठेवलेले होते त्यातला एक दिसला नाही. नेव्ह, ते कुणालाच दिसलं नसतं. तुझे डोळे कमी पडले नाहीत. एवढं तरी या निकालातून घे, बाकी काय घ्यायचं ते तुझं तू ठरव.

सायलोचं घर हवेशीर आहे का? विचारून ठेवते.

रेली


१६ फेब्रुवारी

नेव्ह,

तुझं काही आलं नाही. वाट बघणं मला जमत नाही, म्हणून मीच लिहिते.

क्लबमध्ये मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘विमान सरळ गेलं याचा अर्थ काहीच नाही.’ खाली माझी सही. जो गोंधळ झाला! कुणी म्हणालं, पर्यटक पळतील. कुणी म्हणालं, मग विमान हवं कशाला? सॉसेजवाला पैज हरलाय, तो तर माझ्याशी बोलतच नाही. एक आई मात्र रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘अहो, मी तुमच्या भरवशावर पोरांना सोडत होते.’ तिला मी काय सांगणार? म्हटलं, ‘आता स्वतःच्या भरवशावर सोडा. किंवा नका सोडू. पण माझ्या नको.’ कुणीतरी फळा पुसला. मी परत लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली वॉलीची सही होती.

ऑड्रीबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, ‘अक्षर सुधारलंय तुझं.’

मी विचारलं, ‘तुम्हाला आधीच माहीत होतं ना? मग भीती नाही वाटत?’

‘वाटते की. रोज वाटते.’

‘मग जाता कशाला?’

‘अगं, मला पोहायला आवडतं,’ त्या म्हणाल्या, जणू मी वर्गात सगळ्यांत मठ्ठ आहे. ‘भीती वाटेनाशी व्हायची वाट बघत बसले असते तर कोरडीच मेले असते. उद्या येतेस का? टॉवेल आण.’

गेले. तुला मी कधी सांगितलं नव्हतं, पण तू गेल्यापासून मीसुद्धा गुडघ्यापलीकडे गेले नव्हते. वरून रोज बघायची, पाण्याला हात लावायची नाही. आज कमरेपर्यंत गेले, तिथं पाय अडले. ऑड्रीबाई पिवळी टोपी घालून पुढे निघून गेल्या, मागे वळूनही पाहिलं नाही. मी श्वास घेतला आणि अंग टाकलं.

थंड. खारट. कानात तो आवाज. मी डोळे उघडले आणि खाली फक्त निळं, मग गडद, मग काही नाही. त्या ‘काही नाही’मध्ये काहीही असू शकतं हे मला आता गावात सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे.  वरून विमान गेलं. आज माझ्या खुर्चीत दुसरंच कुणी होतं. ते सरळ गेलं. मी पाहिलं आणि पोहत राहिले, तरंगत्या बोयापर्यंत गेले, परत आले, वाळूवर आडवी पडले आणि ढसढसा रडले. ऑड्रीबाईंनी टॉवेल टाकला अंगावर आणि थर्मासमधला चहा ओतला.

मी विमानात बसणं सोडणार नाही. दहातला एक दिसला तरी तो एक दिसू दे. पण मी आता पाण्यातही जाणार आहे, आणि पाण्यात जाताना कुणी वरून मला राखतंय असं मानणार नाही.

तू विचारलं होतंस तो प्रश्न मला आता वेगळा वाटतो. ‘दिसत असेल तर येतो’ म्हणालास. दिसत नाही, नेव्ह. कुणाला कधीच पुरतं दिसणार नाही. मी तुला सुरक्षित पाणी देऊ शकत नाही. खोटं बोलून दोन दिवस देऊ शकले असते, तेही पाकिटातच राहिलं.

म्हणून आता तुझा प्रश्न बाजूला ठेवते आणि माझं मागणं लिहिते. मला तू घरी हवा आहेस. पाण्यात नाही उतरलास तरी चालेल, वाळूवर पाठ करून बसलास तरी चालेल, खिडक्या बंद करून झोपलास तरी चालेल. रात्री दचकून उठलास तर मी जागीच असते. मला भीती वाटते, रोज वाटते, आज तर फारच वाटली आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. एकटीनं घाबरायचा मला कंटाळा आलाय रे.

ये. दोघं मिळून घाबरू.

रेली